शब्द एक, मोल दोन

17 सप्टेंबर 1948 पूर्वी हिमायतनगरचा परिसर निजामाच्या राज्यात होता. सरकारी दफ्तर उर्दूत, बाजारात मराठी आणि तेलुगू. सौदा करताना केवळ 'रुपया' म्हणून भागत नसे. हाली की इंग्रजी कलदार, हे आधी ठरवावे लागे. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार. कलदार समजून हाली पत्करणाऱ्याचा सातवा हिस्सा बुडाला.

आज परदेशाशी व्यापार करणाऱ्या आपल्या तरुणांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. जपानी ग्राहक बोलताना 'हाय' म्हणतो, तेव्हा अनेकदा 'ऐकले' एवढाच त्याचा अर्थ असतो. होकार गृहीत धरून माल भरू नये. अमेरिकेच्या कागदावरील 5/4 ही तारीख 5 एप्रिल नव्हे, 4 मे असते. सौदी अरेबियात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी तेथील पेढ्या उघड्या असतात.

यात कोणीही लबाड नसतो. प्रत्येक जण आपल्या जागेवरून बरोबर असतो. अनेकांतवाद आपल्याला हेच शिकवतो. म्हणून तारखेत महिना अक्षरांत लिहावा, दरापुढे चलन नोंदवावे आणि ठरलेले लेखी कळवून होकार मागवावा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारण्यात मात्र तोटा आहे.