बुद्धी आणि यश

‘हा मुलगा हुशार आहे, याचे चांगलेच होणार’, ‘तो ढ आहे, त्याच्या हातून काय होणार?’ असे उद्गार प्राथमिक शाळेत वारंवार ऐकू येतात. पहिल्या दोन-तीन इयत्तांतच मुलांवर असे शिक्के बसतात व पुष्कळदा ते शाळा सुटेपर्यंत पुसले जात नाहीत. बुद्धी जन्मतः मिळते आणि आयुष्यातील यश केवळ तिच्यावर अवलंबून असते, ही समजूत या उद्गारांच्या मुळाशी आहे. ती कितपत खरी आहे, हे प्रत्येक शिक्षकाने तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त कसोटी आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनी 1905 साली पॅरिस येथे तयार केली. साधारण वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना विशेष शिक्षण द्यावे, हा तिचा हेतू होता. मुलांना कायमचे हीन ठरविणे बिने यांना मान्य नव्हते. बुद्धी वाढतच नाही, या मताला त्यांनी 1909 सालच्या आपल्या ग्रंथात स्पष्ट विरोध केला. अवधान वाढावे म्हणून पुतळ्याप्रमाणे निश्चल उभे राहण्यासारखे खेळही त्यांनी सुचविले. त्यांच्या कसोट्यांचे कानडी व मराठी मुलांसाठी केलेले रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1940 साली प्रसिद्ध केले.

अमेरिकेतील प्रा. लुईस टर्मन यांची समजूत मात्र निराळी होती. उच्च बुद्ध्यंकाची मुलेच पुढे समाजाचे नेतृत्व करतील, असे त्यांना वाटे. त्यांनी 1921 साली कॅलिफोर्नियात सुमारे 1500 अत्यंत बुद्धिमान मुले निवडून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेण्यास प्रारंभ केला. या मुलांपैकी बरीचशी पुढे सुस्थितीत राहिली, हे खरे. तथापि काहींनी मोठे यश मिळविले, तर काही सामान्य व्यवसायांतच राहिली. टर्मन यांनी सर्वांत यशस्वी 150 व सर्वांत कमी यशस्वी 150 पुरुषांची तुलना केली. तेव्हा दोन्ही गटांच्या बालपणीच्या बुद्ध्यंकांत फारच थोडा फरक आढळला. खरा फरक दिसला तो चिकाटी, ध्येयाकडे सर्व शक्ती एकवटण्याची वृत्ती, आत्मविश्वास व न्यूनगंडापासून मुक्तता या चार गुणांत. घरच्या शैक्षणिक परिस्थितीतही मोठे अंतर होते.

याच निवडीत बुद्ध्यंक कमी भरल्यामुळे वगळल्या गेलेल्या मुलांत विल्यम शॉकली व लुई अल्वारेझ हे दोघे होते. पुढे त्यांना अनुक्रमे 1956 व 1968 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळाले नाही.

यावरून बुद्धीला महत्त्व नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. बुद्धी हे भांडवल आहे. पण केवळ भांडवल असल्याने व्यापार होत नाही. बियाणे उत्तम असूनही मशागत, पाणी व राखण यांवाचून पीक हाती येत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही.

वर सांगितलेले चारही गुण बव्हंशी सवयीने व अनुभवाने घडतात, आणि त्यांच्या घडणीचा महत्त्वाचा काळ प्राथमिक शाळेतच जातो. बाराचा पाढा चार दिवस उशिरा पाठ करणाऱ्या मुलास ‘ढ’ म्हटले की तो हात वर करणे सोडतो, मग प्रश्न विचारणे सोडतो आणि शेवटी शाळाच सोडतो. उलट, एका वाचनात धडा समजणाऱ्या मुलाची नुसती वाहवा केली, तर कष्टाची सवय त्याला लागत नाही. पुढील इयत्तेत अवघड भाग आला की तो गांगरतो. दोघांचेही नुकसान एकाच समजुतीने होते.

म्हणून शिक्षकांनी शाबासकी देताना मुलाच्या हुशारीपेक्षा त्याच्या प्रयत्नाचा उल्लेख करावा. मागे पडलेल्या मुलास प्रथम त्याच्या आवाक्यातील काम द्यावे, ते पुरे करून घ्यावे व नंतरच पुढील पायरी दाखवावी. आईबापांबरोबर ऊसतोडणीस गेलेले किंवा धाकट्या भावंडांस सांभाळणारे मूल मागे पडले, तर त्याचे कारण बुद्धीत शोधू नये, हजेरीपटात शोधावे. प्रगतिपुस्तकात ‘मंद’ असा शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलासाठी काय करून पाहिले, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारावा. त्या एका शब्दाने पुष्कळदा मुलाची पुढील वाट ठरते.