कॉइल बदलण्याआधी

हायड्रॉलिक प्रेसच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची कॉइल जळाली की ते आधी नाकाला कळतं. तापलेल्या इनॅमलचा उग्र वास पॉवर पॅकभोवती पसरतो, रॅम आहे तिथे थांबतो आणि ऑपरेटर मेंटेनन्सवाल्याला हाक मारतो. भोसरीच्या ज्या शॉपमध्ये मी हे काम करतो, तिथे पत्रा दाबणाऱ्या प्रेस बऱ्याच जुन्या आहेत आणि हाकेमागोमाग येणारं वाक्य ठरलेलं असतं: ‘‘स्टोअरमधून कॉइल आणा, लावा आणि मशीन द्या.’’ माल अडलेला असतो, त्यामुळे या घाईला मी दोष देत नाही. पण कॉइल सहसा आपणहून जळत नाही, तिला काहीतरी जाळतं. ते काय हे न शोधता नवी लावली, तर तीही त्याच वाटेने जाते.

तांब्याच्या वेढ्यांतून वीज गेली की नळीतलं लोखंडी आर्मेचर ओढलं जातं, ते पिनेने व्हॉल्व्हमधल्या स्पूलला ढकलतं आणि तेलाची वाट बदलते. आजच्या बहुतेक व्हॉल्व्हमध्ये आर्मेचर तेलातच असतं आणि कॉइल नळीच्या बाहेर. टोकाचा नट सोडला की कॉइल सरकवून काढता येते, तेलाचा थेंब सांडत नाही. बदलणं इतकं सोपं असल्यामुळेच कारण शोधायला कोणी थांबत नाही.

माझी पहिली तपासणी नेहमी हाताने होते. नटाच्या मधोमध एक छोटी पिन असते. ती आत दाबली की विजेशिवाय स्पूल सरकतो. पिन दाबल्यावर सिलिंडर हलला तर तेलाची बाजू ठीक आहे, दोष विजेकडे शोधायचा. पिनच आत जाईना, किंवा जाऊनही सिलिंडर जागचा हलेना, तर मल्टिमीटर काढण्यात अर्थ नाही. मात्र डायमध्ये कोणाचा हात नाही, रॅमखाली कोणी वाकलेलं नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पिनेला बोट लावायचं नाही. पिन दाबताना पॅनेलमधला एकही इंटरलॉक मध्ये येत नाही. जवळ उभ्या असलेल्या हेल्परलाही हे मोठ्याने सांगावं लागतं.

मग रेझिस्टन्स. २४ व्होल्ट डीसी आणि ३० वॅटची कॉइल असेल तर थंड असताना ती १९ ओहमच्या आसपास दाखवते. व्होल्टेजच्या वर्गाला वॅटने भागलं की हा आकडा मिळतो. मीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटली, फारच कमी दाखवत असेल तर वेढे आपसात भिडले. एसी कॉइलला हा हिशोब लावू नये. तिथे रेझिस्टन्स मुळातच कमी असतो, करंट अडवण्याचं बरंचसं काम वेढ्यांचा चुंबकीय विरोध करतो. चांगल्या एसी कॉइलला ‘शॉर्ट’ ठरवून फेकून दिलेलं मी पाहिलं आहे. त्यापेक्षा त्याच व्हॉल्व्हच्या दुसऱ्या बाजूची सारखी कॉइल मोजून तुलना करावी.

सकाळी नीट चालणारा आणि दुपारी रुसणारा व्हॉल्व्ह सगळ्यांत जास्त चकवतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांवर १९ ओहम असलेली कॉइल १०० अंशांवर २५ ओहमच्या घरात जाते आणि करंट सव्वा अँपिअरवरून एकाच्या खाली उतरतो. चांगल्या व्हॉल्व्हमध्ये हे जमेस धरलेलं असतं. सतत चालणारी कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते, तो दोष नव्हे. पण त्यात सप्लायही कमी पडला की ओढ पुरत नाही. म्हणून व्होल्टेज कॉइल चालू असताना, कनेक्टरच्या टर्मिनलवर मोजायचं. कनेक्टर काढून मोजलं की २४ दिसतात. भार आला की गंजलेल्या टर्मिनलमुळे किंवा लांबवर ओढलेल्या बारीक वायरमुळे तेच २० होतात. साधारण दहा टक्क्यांची सूट असते, म्हणजे २१.६ च्या खाली कॉइलकडून अपेक्षा करू नये.

डीसी कॉइल अशी रुसते, पण अडकलेल्या स्पूलमुळे सहसा जळत नाही. आर्मेचर पूर्ण आत गेलं काय, न गेलं काय, करंट तेवढाच. एसीचं तसं नाही. आर्मेचर बाहेर असताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि ते बसलं की करंट उतरतो. तेलातल्या कचऱ्याने स्पूल अडकला, आर्मेचर बसलंच नाही, तर तो मोठा करंट वाहत राहतो आणि काही मिनिटांत वेढे करपतात. स्पूल आणि बॉडीमधली फट काही मायक्रॉनचीच असते. त्यामुळे एसी कॉइल जळाली की मी आधी टाकीचा ब्रीदर आणि फिल्टर बघतो.

आमच्या एका प्रेसवर एसी व्हॉल्व्हची एकाच बाजूची कॉइल पुन्हापुन्हा जात होती. तेल स्वच्छ होतं, पिन मऊ दबत होती, कॉइलचा क्रमांक बरोबर होता. संशय अर्थातच जळणाऱ्या बाजूवर होता. शेवटी रॅम वर जाऊन थांबला असताना आम्ही दुसऱ्या बाजूचा कनेक्टर तपासला. तिथे शून्य हवं होतं, मीटरने २३० दाखवले. पॅनेलमधल्या रिलेचा काँटॅक्ट अधूनमधून चिकटून राहत होता. एका कॉइलने स्पूल धरून ठेवलेला, आणि रॅम खाली आणण्यासाठी समोरची चालू झाली की तिला आर्मेचर ओढताच येत नव्हतं. दोष उजवीकडे, जळत होती डावीकडची. रिले बदलला, दोन्ही कॉइल एकदम चालू होऊ नयेत म्हणून इंटरलॉक घातला आणि तो त्रास संपला.

आता निवड. व्हॉल्व्हची पाटी वाचावी: रेक्सरॉथच्या क्रमांकात जी-२४ म्हणजे २४ व्होल्ट डीसी, डब्ल्यू-२३० म्हणजे २३० व्होल्ट एसी, युकेनच्या क्रमांकात डी-२४ म्हणजे २४ व्होल्ट डीसी. पण पाटीवर विसंबून चालत नाही, कारण जुन्या मशीनवर कोणीतरी आधी कॉइल बदललेली असू शकते. कॉइलवरचा छाप आणि पॅनेलमधून येणारा सप्लाय, दोन्ही जुळले पाहिजेत. १२ व्होल्टची डीसी कॉइल २४ वर लावली तर चौपट वॅट जळतात. परदेशातून आलेल्या मशीनवर फक्त ६० हर्ट्झची कॉइल असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ती जास्त करंट ओढते आणि तापते.

२०५ व्होल्ट डीसी हा छाप पाहून नवा माणूस गोंधळतो. सप्लाय २३० व्होल्ट एसी असतो, पण कनेक्टरच्या पोटात रेक्टिफायर असतो. साधा कनेक्टर बाहेरून अगदी तसाच दिसतो. तो लावला की कॉइल फक्त गुणगुणते.

व्होल्टेज जुळलं तरी भोकाचा व्यास आणि लांबी मोजायचीच. सैल किंवा आखूड कॉइल नळीवर चढते, पण चुंबकीय ओढ जिथे हवी तिथे पडत नाही. प्रपोर्शनल व्हॉल्व्हवर साधी कॉइल लावायची कल्पनासुद्धा करू नये. नट घालताना जोर लावू नये. जास्त आवळला तर पातळ नळी दबून आर्मेचर घासतं. ओ-रिंग नवी घालावी, कनेक्टरची केबल खालच्या बाजूने काढावी, म्हणजे कूलंट आत झिरपणार नाही. आणि नळीवर चढवल्याशिवाय कॉइलला सप्लाय देऊन ‘चेक’ करायची सवय सोडावी. एसी कॉइल तशीच जळते.

मेंटेनन्समधल्या माझ्या मित्रांना एक विनंती. जळालेली कॉइल भंगारात टाकण्याआधी तिला एक चिठ्ठी बांधा: मशीन क्रमांक, व्हॉल्व्हची बाजू, तारीख आणि त्या वेळी टर्मिनलवर मोजलेलं व्होल्टेज. एकाच मशीनच्या दोन चिठ्ठ्या जमल्या, तर तिसरी कॉइल मागवण्याआधी पॅनेल उघडा.