एकच जमीन, दोन दावे : इस्रायल-पॅलेस्टाईन वादात 'मालक' ठरवायचा कसा?

जॉर्डन, लेबनॉन, गाझा किंवा वेस्ट बँकमधल्या अनेक पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबांनी एक वस्तू पिढ्यान् पिढ्या जपून ठेवली आहे : १९४८ साली सोडलेल्या घराची लोखंडी किल्ली. ज्या दाराची ती किल्ली, ते दार बहुतेक ठिकाणी आता उरलेलं नाही. काही कुटुंबांकडे किल्लीसोबत ऑटोमन किंवा ब्रिटिश काळातले जमिनीचे कागदही आहेत. दुसरीकडे, पूर्व जेरुसलेममधल्या शेख जर्रा वस्तीतल्या घरांवर दावा सांगणाऱ्या ज्यू संघटनाही न्यायालयात ऑटोमन काळातले कागदच पुढे करतात.

म्हणजे इतिहास दोघांकडे आहे आणि कागदही दोघांकडे आहेत. मग वाद सुटत का नाही? याचं एक कारण असं की, 'ही जमीन कोणाची?' या एका प्रश्नात चार वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. इथे आधी कोण होतं? जमीन कसत कोण होतं? सरकारदरबारी नाव कोणाचं होतं? आणि राज्य कोणाचं असावं? या चारही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात. दोन्ही बाजू आपल्याला सोयीचा प्रश्न आधी विचारतात.

'आम्ही आधी होतो', हा दावा काय आहे?

ज्यू लोकांचा या भूमीशी असलेला संबंध केवळ श्रद्धेचा नाही, त्याला इतिहासाचा आधार आहे. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमाराच्या एका इजिप्शियन शिलालेखात 'इस्रायल' हे नाव येतं. जेरुसलेममधलं पहिलं मंदिर बॅबिलोनियन फौजांनी इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास पाडलं, तर दुसरं रोमनांनी इसवी सन ७० मध्ये. इसवी सन १३५ मध्ये ज्यूंचं शेवटचं मोठं बंड मोडून काढल्यानंतर रोमनांनी या प्रांताचं 'ज्युडिया' हे नाव बदलून 'सीरिया पॅलेस्टिना' केलं. पुढे बहुसंख्य ज्यू जगभर विखुरले. तरी जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद, टायबेरियस या गावांमध्ये काही खंड वगळता शतकानुशतकं त्यांची वस्ती राहिली.

पॅलेस्टिनी म्हणतात, लोक इथून गेले तशी जमीन ओस पडली नव्हती. इथल्या शेतकऱ्यांनी राज्यकर्ते बदलताना पाहिले. रोमन, बायझंटाईन, अरब, क्रुसेडर, मामलुक, ऑटोमन. सातव्या शतकातल्या अरब विजयानंतर भाषा हळूहळू अरबी झाली, बहुसंख्य लोक मुस्लीम झाले, काही ख्रिश्चन राहिले. पण ऑलिव्हच्या बागा आणि पायऱ्यापायऱ्यांची शेती पिढ्यान् पिढ्या स्थानिक कुटुंबांच्याच हातात होती. त्यांच्या दृष्टीने दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्याचा दाखला देऊन आज राहत्या माणसाला उठवता येत नाही.

इथे दोन्ही दावे एकाच वेळी खरे असू शकतात. एक दावा परतण्याचा आहे, दुसरा न हलण्याचा. यातला कोणताही दावा जमिनीच्या एखाद्या तुकड्याचा मालक ठरवत नाही. त्यासाठी महसुली दफ्तर बघावं लागतं.

सुलतानाचा कायदा आणि कागदावरचा मालक

१५१७ पासून पुढची चारशे वर्षं पॅलेस्टाईन ऑटोमन साम्राज्यात होतं. १८५८ मध्ये या सरकारने नवा जमीन कायदा आणला आणि जमिनीची नोंदणी सुरू केली. या कायद्यानुसार बहुतेक शेतजमीन 'मिरी' प्रकारात मोडत असे. म्हणजे मूळ मालकी राज्याची आणि कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा. हा हक्क वारसाने पुढे जाई. पण सबळ कारणाशिवाय जमीन सलग तीन वर्षं पडीक ठेवली, तर तो हक्क जाऊ शकत असे. अनेक गावांमध्ये जमीन 'मुशा' पद्धतीने सामाईक होती आणि ठरावीक काळाने तिचं कुटुंबांमध्ये फेरवाटप होई.

नोंदणी म्हणजे सारा आणि सैन्यभरती, अशी धास्ती शेतकऱ्यांच्या मनात होती. त्यामुळे अनेकांनी आपल्या नावावर जमीन लावणं टाळलं. काही ठिकाणी ती गावच्या प्रतिष्ठिताच्या नावावर लागली, तर काही ठिकाणी बैरुतसारख्या शहरातल्या व्यापाऱ्याने सरकारकडून विकत घेतली. गावकरी पूर्वीसारखेच शेती करत राहिले, पण कागदावर ते आता कूळ होते.

या फरकाची किंमत त्यांना पुढच्या दोन पिढ्यांनी मोजावी लागली.

जमीन विकली कोणी, उठलं कोण?

१८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि पॅलेस्टाईनकडे स्थलांतराची पहिली लाट आली. १८९७ मध्ये बासेल इथे थिओडोर हर्झल यांच्या पुढाकाराने पहिली झायोनिस्ट परिषद भरली. १९०१ मध्ये 'ज्यूईश नॅशनल फंड' स्थापन झाला. पॅलेस्टाईनमध्ये जमीन विकत घ्यायची, ती पुन्हा विकायची नाही, फक्त ज्यूंना भाडेपट्ट्याने द्यायची, हे त्याचं धोरण होतं.

सुरुवातीचे बरेचसे मोठे व्यवहार परगावच्या जमीनदारांशी झाले. बैरुतच्या सुरसोक कुटुंबाने १९२० च्या दशकात जझ्रील खोऱ्यातली विस्तीर्ण जमीन ज्यू संस्थांना विकली, हे त्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण. अरबीत या खोऱ्याला 'मर्ज इब्न आमिर' म्हणतात. व्यवहार कायदेशीर होता, पैसे मोजले गेले होते. पण तिथे अनेक वर्षं कसणाऱ्या कुळांना गावं सोडावी लागली.

इस्रायली बाजूने आजही सांगितलं जातं की, 'आम्ही जमीन हिसकावली नाही, बाजारभावाने किंवा त्याहून जास्त दराने घेतली.' या काळातल्या खरेदीपुरतं ते खरं आहे. पॅलेस्टिनी बाजू म्हणते, 'विकणारा कधी इथे राहिलाच नव्हता, आणि राहणाऱ्याला कोणी विचारलं नाही.' तेही खरं आहे.

दरम्यान ब्रिटनने १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंच्या 'राष्ट्रीय घरा'ला पाठिंबा दिला होता. त्याआधी १९१५-१६ मध्ये अरबांनाही स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं होतं. १९२२ च्या जनगणनेत पॅलेस्टाईनची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख होती, त्यात ज्यू सुमारे ११ टक्के. नंतर नाझी छळामुळे स्थलांतर वाढलं, तशी जमिनीवरची तेढही वाढली. १९२९ च्या दंगलीत हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले आणि तिथली जुनी ज्यू वस्ती मोडली. १९३६ ते ३९ या काळात अरबांनी उठाव केला, तो ब्रिटिशांनी चिरडला. १९४० मध्ये ब्रिटिशांनीच ज्यूंच्या जमीनखरेदीवर कडक निर्बंध आणले.

फाळणीचे आकडे काय सांगतात?

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. भारताने विरोधात मत दिलं होतं. फाळणीऐवजी संघराज्य असावं, ही भारताची भूमिका होती.

तेव्हा ज्यूंची संख्या एकूण लोकसंख्येच्या एक तृतीयांशाच्या आसपास होती. त्यांच्या मालकीची जमीन ६ ते ७ टक्के होती. ठरावाने ज्यू राज्याला सुमारे ५५ टक्के भूभाग दिला. अरबांचा मुख्य आक्षेप हाच होता.

मात्र हे आकडे जपून वाचावे लागतात. उरलेली ९३ टक्के जमीन अरबांच्या खासगी मालकीची होती, असा त्याचा अर्थ नाही. बराच भाग ब्रिटिश दफ्तरात सरकारी किंवा बिननोंदणीचा होता, विशेषतः दक्षिणेकडचं नेगेव वाळवंट. ज्यू राज्याच्या वाट्यात या वाळवंटाचा हिस्सा मोठा होता. पण 'बिननोंदणीचा' म्हणजे 'मोकळा' नव्हे. नेगेवमध्ये बेदुईन जमाती आपल्या रूढीप्रमाणे जमीन वापरत होत्या. त्यांच्या वस्त्यांचा प्रश्न इस्रायलमध्ये आजही भिजत पडला आहे. शिवाय नियोजित ज्यू राज्यात जवळपास निम्मे रहिवासी अरबच असणार होते.

ज्यू नेतृत्वाने ठराव स्वीकारला, अरब नेतृत्वाने फेटाळला. आधी अंतर्गत युद्ध पेटलं. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाल्यावर शेजारच्या अरब देशांच्या फौजा त्यात उतरल्या. १९४९ मध्ये युद्ध थांबलं, तेव्हा जुन्या पॅलेस्टाईनपैकी सुमारे ७८ टक्के भूभाग इस्रायलकडे होता. सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले होते. काही भीतीने पळाले, काहींना सैन्याने हाकललं. चारशेहून अधिक गावं ओस पडली. ज्या भागांवर जॉर्डनचा ताबा आला, तिथून ज्यूंनाही निघावं लागलं. जेरुसलेमच्या जुन्या शहरातली ज्यू वस्ती रिकामी झाली.

गेलेल्यांच्या जमिनीचं काय झालं?

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४८ मध्ये ठराव १९४ केला. शेजाऱ्यांसोबत शांततेने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना परतू द्यावं आणि न परतणाऱ्यांना भरपाई द्यावी, असं त्यात म्हटलं होतं. तो अमलात आला नाही. इस्रायलने १९५० मध्ये 'गैरहजर मालमत्ता कायदा' केला. २९ नोव्हेंबर १९४७ नंतर घर सोडून शत्रूच्या प्रदेशात गेलेल्यांची मालमत्ता सरकारी अभिरक्षकाकडे गेली. देशातच राहिलेले, पण त्या काळात आपल्या गावाबाहेर असलेले अनेक अरबही कायद्याच्या कक्षेत आले. त्यांना 'हजर गैरहजर' हे विचित्र नाव पडलं. आज इस्रायलमधली सुमारे ९३ टक्के जमीन सरकार किंवा सरकारशी जोडलेल्या संस्थांकडे आहे.

कागद असूनही जमीन मिळत नाही, याचं ठळक उदाहरण म्हणजे लेबनॉन सीमेजवळचं इक्रित. नोव्हेंबर १९४८ मध्ये या ख्रिश्चन गावातल्या लोकांना सैन्याने तात्पुरतं बाहेर जायला सांगितलं. ते इस्रायलचे नागरिक झाले, न्यायालयात गेले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास सैन्याने गावातली घरं उडवून दिली. चर्च तेवढं उभं राहिलं.

इस्रायलचा प्रतिवाद असा की, याच काळात आणि पुढच्या दशकांत अरब देशांमधून सुमारे आठ लाख ज्यूंनाही देश सोडावे लागले आणि त्यांची मालमत्ताही गेली. इराकने १९५१ मध्ये देश सोडणाऱ्या ज्यूंची संपत्ती कायदा करून गोठवली, हे वास्तव आहे. पण बगदादच्या ज्यूचं नुकसान लिद्दाच्या शेतकऱ्याने का सोसायचं, हा पॅलेस्टिनींचा प्रश्न उरतोच.

या लिद्दाशी मराठीचाही एक धागा जुळतो. जुलै १९४८ मध्ये इथून हजारो पॅलेस्टिनींना बाहेर काढण्यात आलं. तेच आजचं इस्रायली शहर लोद. कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायली कुटुंबांपैकी अनेक जण पुढे या शहरात स्थायिक झाले.

वेस्ट बँकमध्ये १८५८ चा कायदा पुन्हा कसा आला?

१९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा ताब्यात घेतले. सुरुवातीला अनेक वसाहतींसाठी 'लष्करी गरज' हे कारण देऊन खासगी जमीन घेतली जाई. १९७९ मध्ये नाब्लुसजवळच्या एलोन मोरे वसाहतीविरुद्ध पॅलेस्टिनी जमीनमालक इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे वसाहतवाद्यांनीच सांगितलं की, आपला हक्क लष्करी गरजेवर नव्हे, तर बायबलमधल्या वचनावर उभा आहे. लष्करी गरजेचा आधारच डळमळला आणि न्यायालयाने जमीन परत करण्याचा आदेश दिला.

यानंतर सरकारने दुसरी वाट धरली. ऑटोमन कायद्यातली पडीक जमिनीची तरतूद वापरून मोठमोठे पट्टे 'सरकारी जमीन' म्हणून जाहीर होऊ लागले. १९६७ पर्यंत वेस्ट बँकच्या जवळपास एक तृतीयांश जमिनीचीच पक्की नोंदणी झाली होती आणि १९६८ मध्ये इस्रायलने ते काम थांबवलं होतं. त्यामुळे खडकाळ उतारावर तुकड्यातुकड्यांनी शेती करणाऱ्या शेतकऱ्यावरच ती जमीन आपली असल्याचं सिद्ध करण्याचा भार पडला. आज वेस्ट बँकमध्ये सुमारे पाच लाख इस्रायली वसाहतवादी राहतात, पूर्व जेरुसलेममध्ये आणखी दोन लाखांहून अधिक.

शेख जर्रा : एक वस्ती, दोन न्याय?

शेख जर्रातली काही जमीन ज्यू समाजाच्या विश्वस्तांनी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात घेतल्याचं ज्यू संघटना सांगतात. १९४८ मध्ये तिथले ज्यू निघून गेले. १९५६ मध्ये जॉर्डन आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने तिथे २८ पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबांना घरं दिली. १९७० च्या इस्रायली कायद्याने पूर्व जेरुसलेममध्ये ज्यूंना १९४८ पूर्वीची मालमत्ता परत मागता येते. पश्चिम जेरुसलेममध्ये घर गमावलेल्या पॅलेस्टिनींना तशी सोय नाही. २०२१ मध्ये इथला तणाव साऱ्या जगाने पाहिला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही कुटुंबांची हकालपट्टी मालकीचा निर्णय होईपर्यंत थांबवली.

एका बाजूचा जुना कागद चालतो, दुसऱ्या बाजूचा चालत नाही, ही पॅलेस्टिनींची तक्रार इथे सर्वात स्पष्ट दिसते.

आंतरराष्ट्रीय कायदा कोणाच्या बाजूने?

इथे पुन्हा खासगी मालकी आणि सार्वभौमत्व यांत फरक करावा लागतो. १९६७ पूर्वीच्या सीमांमधल्या इस्रायलला जगातल्या बहुसंख्य देशांची मान्यता आहे. मात्र १९६७ मध्ये घेतलेला प्रदेश 'व्याप्त' असून तिथल्या वसाहती बेकायदा आहेत, असं बहुतेक देश मानतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ मधल्या सल्लागार मतात व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातलं इस्रायलचं वास्तव्यच बेकायदा ठरवलं. इस्रायल हे मानत नाही. वेस्ट बँकवर जॉर्डनचं सार्वभौमत्व फारच थोड्या देशांनी मान्य केलं होतं, म्हणून तो 'वादग्रस्त' प्रदेश आहे, अशी त्याची भूमिका आहे.

मग तोडगा कशात आहे?

इतिहासात आणखी मागे जाऊन हा वाद सुटण्याची शक्यता कमी आहे, कारण प्रत्येक बाजू आपल्याला हव्या त्या वर्षावर थांबते. आजवरच्या वाटाघाटींत म्हणूनच चारही प्रश्न वेगळे काढण्याचे प्रयत्न झाले. सार्वभौमत्वासाठी १९६७ ची सीमारेषा आणि काही जमिनींची अदलाबदल. गमावलेल्या मालमत्तेसाठी भरपाई. निर्वासितांसाठी मर्यादित परतीसह इतर पर्याय. जेरुसलेमसाठी वेगळी व्यवस्था. २००० साली कॅम्प डेव्हिडला आणि २००१ साली ताबा इथे चर्चा याच मुद्द्यांभोवती फिरली आणि अडलीही तिथेच.

संयुक्त राष्ट्रांच्या दफ्तरी आज नोंदलेले पॅलेस्टिनी निर्वासित आणि त्यांचे वंशज ५० लाखांहून अधिक आहेत. इस्रायलच्या सुमारे एक कोटी लोकसंख्येतल्या बहुसंख्यांचा जन्मही त्याच भूमीत झाला आहे आणि त्यांना दुसरा देश नाही. हर्झल, सुरसोक किंवा ऑटोमन सुलतान यांच्या व्यवहारांत या दोघांपैकी कोणाचाच हात नव्हता. जुने कागद भरपाई ठरवायला उपयोगी पडतील. पण आज तिथे जन्मलेल्या माणसांनी एकमेकांशेजारी कसं राहायचं, हे कोणत्याही जुन्या दफ्तरात लिहिलेलं नाही.