भिंतीवरची जुनी चित्रे कशी जपतात?



अजिंठ्याची चित्रे आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात पाहिली आहेत. सुमारे दीड ते दोन हजार वर्षे ती टिकली, ती कशी, आणि आज ती जपण्यासाठी काय करावे लागते, याची माहिती या लेखात देत आहोत.

प्रथम चित्राची भिंत समजून घेऊ. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा दिलेला आहे. त्या मातीत भाताचा कोंडा, गवत, वनस्पतींचे तंतू कालवलेले आहेत. आपल्या भागातही मातीच्या भिंती लिंपताना भुसा घालत असत. हेतू तोच, की माती तडकू नये. त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. म्हणजे ही चित्रे मातीच्या आधाराने उभी आहेत. ओल आली, किड्यांनी तंतू खाल्ले, की गिलावा कातळापासून सुटतो आणि चित्रासह खाली येतो.

१८१९ साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याने ही लेणी पाहिली आणि त्यांचा बोलबाला झाला. रॉबर्ट गिल याने केलेल्या मोठ्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. नंतर १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत यांसारख्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॅनव्हासवर पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. उरलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ भिंतीवरून जे तपशील पुढे नाहीसे झाले, ते अभ्यासकांना आज या नकलांत सापडतात. विद्यार्थ्यांचे प्रामाणिक काम असे पुरावा ठरले.

१९२० च्या सुमारास निजाम सरकारने चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला. त्यामुळे पुष्कळ चित्रे वाचली. पण वरून दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळा पडला आणि रंग झाकोळले. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो पुढे बोटभर जागा घेत, अत्यंत सावकाश काढावा लागला. म्हणून आज नियम असा, की पुढे काढता येईल असेच द्रव्य वापरावे, आणि गेलेला भाग आपल्या कल्पनेने रंगवू नये.

संशोधनही थांबलेले नाही. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. किड्यांपासून तो गिलावा वाचण्यास त्यांची मदत झाली, असे अभ्यासकांचे मत आहे.

प्रेक्षकांच्या श्वासातील ओलसुद्धा चित्रांना बाधते. म्हणून सहलीला गेल्यावर गर्दी करू नये, भिंतीला हात लावू नये, फ्लॅश वापरू नये.

आता थोडे आपल्याकडचे. सीमाभागात जुनी देवळे व वाडे आहेत. जीर्णोद्धाराच्या वेळी चांगल्या भावनेनेच भिंतींवर ऑइलपेंट मारला जातो. त्याने जुने चित्र झाकले जाते आणि ओल आत कोंडून गिलावाही सुटतो. पंच व विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे, की ब्रश लावण्यापूर्वी भिंतीचे फोटो काढावेत, तारीख लिहून ठेवावी आणि जाणकारांना विचारावे. रंग केव्हाही देता येतो. पुसलेले चित्र मात्र परत आणता येत नाही.