तो दिवा किती लांब?

उसाचा हंगाम सुरू झाला की मला एक जुनी रात्र आठवते. मोहोळहून सोलापूरला स्कूटरवरून परतत होतो. मागे पत्नी बसली होती. थंडीचे दिवस, रस्ता मोकळा. पुढे एक मिणमिणता तांबडा दिवा दिसला. एखादी मोटारसायकल असेल, लांब आहे, असे समजून मी गाडी त्याच वेगाने चालवत राहिलो. बराच वेळ तो दिवा तेवढाच दिसत होता. आणि एकाएकी आमच्या हेडलाइटच्या उजेडात उसाची भिंतच उभी राहिली! करकचून ब्रेक दाबला, स्कूटर रस्त्याच्या कडेला खाली उतरून आडवी झाली. गुडघे सोलवटले, एवढ्यावरच निभावले. घरी आल्यावर पत्नीने विचारले, "अहो, एवढी मोठी ट्रॉली तुम्हाला दिसली कशी नाही?"

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले. पण या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मला पुस्तके चाळावी लागली.

एखादी वस्तू आपल्या जवळ येते तेव्हा डोळ्यातील दृष्टिपटलावर तिची प्रतिमा मोठी होत जाते. ती किती वेळात आपल्यापर्यंत पोहोचेल, हे कळण्यासाठी तिचे अंतर किंवा वेग ठाऊक असण्याची गरज नसते. प्रतिमा किती झपाट्याने वाढते आहे, एवढे कळले तरी पुरते. ती सेकंदाला पाच टक्क्यांनी वाढत असेल, तर हाती साधारण वीस सेकंद आहेत असे समजावे. आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉईल यांनी १९५७ सालच्या 'द ब्लॅक क्लाउड' या कादंबरीत पृथ्वीकडे येणाऱ्या ढगाचा हिशेब असाच मांडला होता. पुढे १९७६ मध्ये डेव्हिड ली या मानसशास्त्रज्ञाने वाहनचालक ब्रेक कधी दाबतो, याची उकल याच तत्त्वाने केली.

मग घोटाळा कुठे होतो? तो प्रतिमेच्या वाढीतच आहे. समजा, ट्रॉली ताशी १८ किलोमीटरने चालली आहे आणि मागून मोटार ९० च्या वेगाने येते आहे. दोहोंतील अंतर सेकंदाला २० मीटरने घटते. अंतर ४०० मीटरवरून २०० वर आले की ट्रॉलीची प्रतिमा दुप्पट होते. त्याला दहा सेकंद लागतात. पुढची दुप्पट पाच सेकंदांत, त्यापुढची अडीच सेकंदांत आणि नंतरची सव्वा सेकंदात! म्हणजे लांब असताना वाढ इतकी संथ असते की डोळ्यांना ती जाणवतच नाही, आणि जाणवते तेव्हा ५० मीटर अंतर व अडीच सेकंद उरलेले असू शकतात. त्यातला एखादा सेकंद पाय ब्रेकवर जाण्यातच निघून जातो. "गाडी अचानक आली," असे अपघातातून वाचलेला माणूस सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

हा झाला दिवसाचा हिशेब. रात्री ट्रॉलीची रुंदी अंधारात बुडालेली असते. दिसतो तो एक दिवा, म्हणजे एक ठिपका. ठिपका लांबून ठिपकाच राहतो. तो मोठा होताना दिसत नाही, आणि मंद दिवा जवळचा की प्रखर दिवा लांबचा, हेही डोळ्यांना ठरवता येत नाही. दोन दिवे असले की गोष्ट बदलते. जवळ जाऊ तसे त्यांच्यातील अंतर रुंदावते आणि डोळ्यांना मोजायला काहीतरी मिळते. समोरून येणाऱ्या ट्रकचा एक हेडलाइट बंद असला की तो मोटारसायकल वाटतो, तेही याचमुळे.

आपला सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की पुढचे काही महिने रात्रंदिवस ट्रॉल्यांची रांग असते. म्हणून ट्रॅक्टरमालकांना हात जोडून सांगणे आहे : मागे मध्यभागी एकच रिफ्लेक्टर लावू नका. ट्रॉलीच्या दोन्ही टोकांना, अगदी कडेला लावा. दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या ट्रॉलीवर ते आहेत ना, हे आवर्जून पाहा. ऊस भरल्यावर लोंबणाऱ्या वाढ्यांनी ते झाकले गेले का, चिखलाने माखले का, हे निघण्यापूर्वी फडक्याने पुसून बघा. यात खर्च फार नाही.

आणि गाडी चालवणाऱ्यांनी पुढे एकटा दिवा दिसला की तो लांब आहे असे समजू नये. आधी वेग कमी करावा, अंदाज मग बांधावा.

पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला उशिरा दिले. दिवा मला दिसला होता. तो जवळ येतो आहे, हे दिसले नव्हते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)