पित्तनलिकेचं ऑपरेशन झालंय? हुडहुडी-तापाकडे दुर्लक्ष नको

आमच्या गटातल्या एका ताईंचं दोन वर्षांपूर्वी पित्तनलिकेचं ऑपरेशन झालं होतं. गेल्या पावसाळ्यात त्यांना हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले. आम्हीच म्हणालो, "कावीळ असेल, झाडपाल्याचं औषध घ्या." त्यात चार दिवस गेले. दवाखान्यात नेलं तेव्हा ताईंना धड बसवतही नव्हतं. आमची ही चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आज हा विषय.

आंबट ढेकर आले की आपण 'पित्त झालं' म्हणतो, ते वेगळं. हे पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तो नलिकेतून आतड्यात उतरतो आणि तेल-तूप पचवायला मदत करतो. खड्यांमुळे पित्ताची पिशवी दुर्बिणीने काढताना १००० पैकी साधारण ३ ते ५ जणांच्या नलिकेला इजा होते. इजा मोठी असेल तर सर्जन लहान आतड्याचा भाग वर आणून यकृताजवळच्या नलिकेला शिवतात. पित्ताला नवी वाट मिळते.

सुरुवातीला हा जोड पाझरू शकतो. मग पोटातल्या नळीतून पित्त येतं. पुष्कळदा हा पाझर हळूहळू थांबतो. नळी ओढली जाऊ देऊ नका, रोज किती रस आला ते लिहून ठेवा.

पुढे, कधी काही वर्षांनीही, जोड आवळतो. पाटात गाळ साचून पाणी तुंबावं तसं पित्त तुंबतं आणि त्यात जंतू वाढतात. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, पिवळे डोळे, गडद लघवी, पांढुरकी शौच, अंगाला खाज या त्याच्या खुणा. थंडी-ताप आला तर कावीळ दिसायची वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. तिथे सलाईनमधून जंतुनाशक औषधं देतात. गरज पडली तर कातडीतून यकृतात बारीक नळी घालून पित्त बाहेर काढतात, आवळलेला जोड फुग्याने रुंद करतात. क्वचित पुन्हा ऑपरेशन लागतं.

बरं वाटत असलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करा. सरकारी योजनेत खर्च बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. नव्या डॉक्टरांना जुन्या ऑपरेशनचा कागद आधी दाखवा.

आमच्या ताई आता बऱ्या आहेत. त्यांची फाईल दाराजवळच्या खुंटीलाच टांगलेली असते.