कृष्णाकाठची वाई

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा सपाटीला लागते, तिथे सातारा जिल्ह्यातील वाई वसलेली आहे. पाचगणीला जाणाऱ्या बहुतेक गाड्या पसरणी घाटाच्या घाईत हे गाव मागे टाकतात. वास्तविक, थांबावे असे इथे बरेच आहे.

गावाचा जीव नदीच्या घाटांवर आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड आळी असे सात घाट असून त्यांतले बरेचसे बांधकाम पेशवाईतले, मुख्यतः रास्ते घराण्याच्या आश्रयाने झालेले. थंडी ओसरू लागली की एकेका घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव बसतो. नदीला देवी मानून तिची पालखी, कीर्तने आणि प्रसादाच्या पंगती होतात.

गणपती आळीच्या घाटावरचा ढोल्या गणपती भव्य मूर्तीमुळे प्रसिद्ध आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या मंदिराचे खरे कौतुक मात्र मागच्या बाजूला आहे. तिथली भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, म्हणजे पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. दर्शन घेऊन परतणारे तिकडे फारसे फिरकत नाहीत. शेजारीच काशीविश्वेश्वराचे मंदिर आहे. तिथला काळ्या पाषाणाचा, कोरीव अलंकार ल्यालेला नंदी निवांत पाहण्यासारखा.

जवळच्या मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आणि चंद्रकोरीसारखा घाट आहे. घाटावरच्या एका छोट्या मंडपात भलीमोठी घंटा टांगलेली असून तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर चर्चमधल्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतलीच ही एक. ‘स्वदेस’ चित्रपटामुळे हा घाट देशभर पोचला. पुढे धोमला धरणाचा जलाशय आणि नरसिंहाचे देऊळ आहे. तिथल्या शिवमंदिरापुढचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर, कुंडात बसला आहे.

डोंगरांकडे वळले तर पांडवगड, वैराटगड, कमळगड. लोहाऱ्याला बौद्ध लेणी. १६५९ मध्ये प्रतापगडाकडे निघालेल्या अफजलखानाचा तळही वाईलाच होता.

वाईचे मोठेपण मात्र दगडी वास्तूंइतकेच विद्येतही आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच केवलानंद सरस्वती यांच्या प्राज्ञपाठशाळेत विनोबा भावे येऊन शिकले. तिथलेच विद्यार्थी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विश्वकोशाचे संपादन मुंबई-पुण्याऐवजी या तालुक्याच्या गावी व्हावे, यात इथल्या परंपरेचा वाटा आहे.

घाट पाहायचे असतील तर पावसाळा टाळावा. तेव्हा खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. वाईजवळच्या बावधनची बगाड यात्रा बघायची असेल, तर रंगपंचमीला यावे.